बिल विदर्स : भरल्या मैफलीतून उठून गेलेला गायक

काजवा

बिल विदर्स या अमेरिकन गायकाचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, पण त्याचं एखादं तरी गाणं बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. 'नॉटिंग हिल' सिनेमात ह्यू ग्रँट बाजारातून चालत जातो आणि त्या एका चालण्यात सगळे ऋतू सरतात, तेव्हा मागे 'एन्ट नो सनशाइन' वाजतं. २०२० च्या एप्रिलमध्ये घरात कोंडलेल्या जगासाठी मोठा ऑनलाइन कार्यक्रम झाला, त्यात स्टीव्ही वंडरने 'लीन ऑन मी' म्हटलं. 'जस्ट द टू ऑफ अस' तर सॅक्सोफोनवाला कुठेही उभा राहिला की वाजतंच. ही तिन्ही गाणी एकाच माणसाची आहेत हे माहीत नसलेले रसिक वारंवार भेटतात, म्हणून हा धागा काढतोय.

जन्म ४ जुलै १९३८, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसाखाणीच्या गावात. सहा भावंडांत धाकटा. आईवडील वेगळे झाले, वाढला जवळच्या बेकलीत, आईच्या माहेरच्या माणसांत. तेराव्या वर्षी वडील गेले. लहानपणापासून बोलताना अडखळायचा. सतरा-अठराव्या वर्षी नौदलात भरती झाला, नऊ वर्षं काढली, विमानांची दुरुस्ती शिकला. १९६५ मध्ये बाहेर पडला आणि दोनेक वर्षांनी लॉस एंजेलिसला आला. तिथे या ना त्या कारखान्यात कामं केली. शेवटचं काम होतं ७४७ विमानांतल्या संडासांच्या जोडणीचं.

गायक होण्याचं डोक्यात कसं आलं, ते त्याने स्वतः सांगितलंय. एका क्लबात लू रॉल्स हा गायक यायला उशीर करत होता आणि मॅनेजर चरफडत होता की याला मी आठवड्याला २,००० डॉलर देतो आणि हा वेळेवर येत नाही. विदर्सला तेव्हा तासाला तीन डॉलर मिळत होते. त्याने जुन्या बाजारातून एक गिटार घेतली, कामाला जाता-येता स्वतःच शिकला आणि पगारातून पैसे वाचवून डेमो टेप काढल्या.

त्या टेप क्लॅरन्स अवांत या माणसाच्या हाती पडल्या. त्याची 'ससेक्स' ही छोटी रेकॉर्ड कंपनी होती. अल्बम करायला त्याने बुकर टी. जोन्सला गाठलं. मेम्फिसच्या 'बुकर टी. अँड द एमजीज' या बँडचा हा म्होरक्या, आणि त्याने साथीला बँडमधले आपलेच लोक बोलावले: बासवर डोनाल्ड 'डक' डन, ड्रम्सवर अल जॅक्सन ज्युनियर. एका गिटारवर स्टीफन स्टिल्स, तोही नावाजलेला. आता या स्टुडिओत कारखान्यातला कामगार शिरतोय, हे डोळ्यांपुढे आणा. बुकर टी. यांनी नंतर सांगितलं की विदर्सने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ही गाणी गाणार कोण? त्याला वाटलं होतं, आपण नुसती लिहिलीत, गायला कुणीतरी मोठा गायक येईल. त्याच अल्बममधल्या 'डू इट गुड' गाण्यात तो मधेच बोलतो. म्हणतो, मी याआधी कधी रेकॉर्डिंग केलेलं नव्हतं, तेव्हा बुकर टी. मला म्हणाले की काळजी करू नकोस, तू जे करतोस ते कर आणि नीट कर. हे बोलणं अल्बमवर तसंच ठेवलंय.

पैसे संपल्यामुळे रेकॉर्डिंग मधे काही महिने रखडलं. शेवटी मे १९७१ मध्ये 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम' आला. विदर्सचं वय बत्तीस. कव्हरवरचा फोटो कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत काढलेला, भिंतीला टेकून उभा, हातात डबा. गाणं गाजू लागलं तरी त्याने नोकरी सोडली नव्हती. मग कामगारकपातीत ती गेली. काही दिवसांनी दोन पत्रं आली, एक कारखान्याचं, परत कामावर या म्हणून, आणि दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमाचं आमंत्रण.

आता 'एन्ट नो सनशाइन'बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याची सगळी तऱ्हा या दोन मिनिटांत आहे. हो, गाणं दोन मिनिटांच्या जरा पुढे जातं, एवढंच. सुरुवातीला वाद्यांचा तुकडा नाही, थेट आवाज. दुसऱ्या कडव्याला व्हायोलिन्स येतात, तीही बेताने. आणि मग तिसऱ्या कडव्याच्या जागी तो 'आय नो' हे दोनच शब्द सव्वीस वेळा म्हणतो. तिथे शब्द लिहायचे राहिले होते, जागा भरायला तो तेच घोळवत होता. नंतर लिहितो म्हणाला, तर बुकर टी. आणि बाकीचे म्हणाले, असंच ठेव. विदर्सचं म्हणणं असं की ही सगळी नावाजलेली माणसं आणि मी कारखान्यातला, मी मुकाट्याने ऐकलं. ऐकून बघा: वाद्यं जवळजवळ गप्प होतात, माणूस स्वतःलाच समजावतोय, आणि समजावणं कुठेच पोचत नाही. कुठलंही लिहिलेलं कडवं तिथे याहून कमी पडलं असतं असं माझं ठाम मत आहे.

कंपनीने हे गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, पुढच्या बाजूला 'हार्लेम'. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटून लावली. गाणं अमेरिकन यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, दहा लाखांवर खपलं, ग्रॅमी मिळालं. कंपनीने त्याला सोन्याचा मुलामा दिलेली संडासची सीट भेट दिली.

माझं म्हणणं असं आहे की त्याच्या गाण्यांचा साधेपणा वयातून आला. बत्तीस वर्षं ज्याने माणसं पाहिली, नौकेवर, पाळीवर, स्मशानात, त्याला काय सांगायचं हे ठाऊक होतं, आणि नको ते टाकून देण्याचा त्याचा हात पक्का होता. पुढे त्याच हाताने त्याने आपली कारकीर्दही बाजूला ठेवली. १९८५ नंतर एकही अल्बम नाही. गेला २०२० मध्ये. तुम्हाला त्याचं कोणतं गाणं लागतं, आणि त्याचं थांबणं तुम्हाला कसं वाटतं, लिहा.

मंद्रसप्तक

उत्तम धागा. 'लीन ऑन मी'बद्दल पेटी वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

पेटी पुढे ओढा, पांढरी एक हा सा धरा. आता नुसतं सा रे ग म वर जा आणि म ग रे सा खाली या. पहिली ओळ झाली. काळी पट्टी कुठेच लागत नाही. पुढच्या ओळीत वर फक्त गंधारापर्यंत जाऊन रिषभावर थांबतो, आणि त्या अर्धवट थांबण्यामुळे पुन्हा वर जावंसं वाटतं. कॉर्ड्सही तशाच, चाल एक स्वर सरकली की संपूर्ण पंजा तसाच्या तसा एक पट्टी सरकतो. त्याने नवीन इलेक्ट्रिक पियानो घेतला होता, वाजवायला फारसा येत नव्हता, बोटांचा आकार न बदलता वर-खाली फिरवत होता, त्यातून ही चाल निघाली. त्याने हे अनेक मुलाखतींत सांगितलंय.

मी मुलांना पेटी शिकवतो. पहिल्या महिन्यात जे अलंकार घेतो त्यात आणि या ओळीत फरक नाही. असं असून ही चाल जुलै १९७२ मध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. सोपं काही सुचलं की ते फारच सोपं आहे म्हणून आपण टाकून देतो. याने ठेवलं. ते ठेवायला कान लागतो.

आणि मधल्या भागात बाकी सगळं बाजूला होऊन बास आणि टाळ्या राहतात, ते चर्चमधून आलेलं आहे. तिथे कोणीही सामील होऊ शकतं. गाणं मदतीबद्दलच आहे, आणि गाताना ऐकणाऱ्याला काम दिलंय.

कोयनाकाठ

मी बरीच वर्षं पिट्सबर्गला आहे, वेस्ट व्हर्जिनिया दक्षिणेला लागूनच. बेकलीवरून अनेकदा गेलोय. तिथे जुनी कोळसाखाण लोकांना दाखवायला ठेवली आहे, छोट्या गाडीत बसवून आत नेतात, आणि निवृत्त खाणकामगार माहिती देतात. छत इतकं खाली असतं की उभं राहता येत नाही. बाहेर खाण कंपनीने बांधलेली घरं, कंपनीची शाळा, कंपनीचं चर्च. पूर्वी पगारही पुष्कळ ठिकाणी कंपनीच्या स्वतःच्या नाण्यांत व्हायचा, आणि ती नाणी कंपनीच्याच दुकानात चालायची. अशा गावात शेजाऱ्याकडून साखर, तेल, पैसे उसने घेतल्याशिवाय कुणाचं भागत नसे, मग तो शेजारी गोरा असो की काळा.

विदर्सचं घर गोऱ्या आणि काळ्या वस्तीच्या सीमेवर होतं असं त्याने सांगितलंय. एका बाजूने कंट्री म्युझिक, दुसऱ्या बाजूने चर्चची गाणी. म्हणून त्याच्या गाण्यांना 'सोल' (काळ्या अमेरिकनांचं, चर्चच्या गाण्यांतून आलेलं संगीत) म्हटलं तरी हातात अकूस्टिक गिटार दिसते आणि गोष्ट सांगायची पद्धत कंट्रीची वाटते. अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांतला आहे तो, डेट्रॉइट किंवा मेम्फिस या सोलच्या शहरांतला नाही. हे लक्षात घेतलं की बराच उलगडा होतो.

'लीन ऑन मी'च्या मागे गावच होतं. लॉस एंजेलिसला आल्यावर त्याला ते शेजार कुठे सापडेना. आणि एक किस्सा तो सांगायचा: अलाबामात आडरस्त्यावर त्याच्या गाडीचा टायर फुटला. डोंगरावरून एक गोरा माणूस आला, दिसायला असा की काळ्या माणसाने त्या काळात घाबरावं. तो माणूस घरी गेला, टायर घेऊन चालत परत आला आणि बसवूनही दिला. साठ-सत्तरच्या दशकातलं अलाबामा डोळ्यांपुढे ठेवून हा किस्सा वाचा.

अनुजा_के

कामगार म्हटल्यावर मला नारायण सुर्वे आठवले. गिरणीत राबलेला माणूस आणि त्याच्या ओळींत कामाचा घाम. विदर्सच्या गाण्यात कारखाना कुठे आहे का? की कव्हरवरच्या डब्यापुरताच?

काजवा

अनुजाताई, चांगला प्रश्न. पहिल्या अल्बमवर कारखान्याचं एकही गाणं नाही. सुर्व्यांच्या कवितेत कामगार हा स्वतः बोलतो, संघटना, संप, भाकरी सगळं घेऊन येतो. विदर्सने पाळी संपल्यानंतरची माणसं घेतली. 'ग्रँडमाज हँड्स'मध्ये आजी आहे, आणि आजीचे नुसते हात आहेत: चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, सुजून दुखणारे, पडणाऱ्या नातवाला उचलणारे. 'बेटर ऑफ डेड'मध्ये दारूमुळे बायकामुलं गमावलेला माणूस आहे, आणि शेवटी बंदुकीचा बार ऐकू येतो. 'आय'म हर डॅडी'मध्ये आपल्याला मुलगी आहे हे उशिरा कळलेला बाप. ही सगळी माणसं गल्लीत भेटणारी आहेत.

प्रेमगीतांच्या बाजारात आजीवर गाणं करायचं, आणि तेही दोन मिनिटांत, ही हिंमत मला फार मोठी वाटते. त्या गाण्याच्या सुरुवातीची गुणगुण आणि गिटार १९९६ मध्ये ब्लॅकस्ट्रीट या गटाने 'नो डिगिटी'साठी उचलली, आणि ते गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. आजीचे हात असे पंचवीस वर्षांनी नाचाच्या फरशीवर पोचले.

सांजवेळ

मी वाचा-उपचार क्षेत्रात काम करते, त्यामुळे विदर्सकडे माझी वाट वेगळी आहे. बोलताना अडखळणाऱ्या पुष्कळांना गाताना अडखळायला होत नाही, हे आमच्याकडे रोजचं आहे. पण विदर्सच्या बाबतीत गाणं हा उपाय नव्हता. तो गायला लागण्याआधीच, अठ्ठावीसच्या आसपास त्याचं बोलणं सुटं झालं होतं. लोक आपल्याला काय समजतील या भीतीचा पगडा कमी केल्यावर फरक पडला असं त्याने सांगितलंय.

२००९ च्या 'स्टिल बिल' या माहितीपटात तो न्यूयॉर्कमधल्या बोलताना अडखळणाऱ्या मुलांच्या नाट्यगटाला भेटतो. मुलं रंगमंचावर बोलतात, अडतात, पुन्हा बोलतात, आणि सत्तरीचा हा माणूस रडतो. मग तो त्यांच्याशी बोलतो, सावकाश, उपदेश न करता. आमच्याकडे येणाऱ्या पालकांना मी तो भाग आवर्जून बघायला सांगते. मूल वाक्य पूर्ण करत असताना मोठ्यांनी मधे पडून शब्द पुरवू नये, हे आम्ही तोंडाने कितीही सांगितलं तरी तो भाग बघितल्यावर ते जास्त कळतं.

आणि एक निरीक्षण. त्याची वाक्यं छोटी असतात. एका ओळीत एक गोष्ट. शब्द जपून वापरायची सवय ज्याला लहानपणी लागली, त्याची वही अशीच असणार, असं मला नेहमी वाटतं.

चौथीसीट

धागा आवडला, पण थांबण्याचं फार गौरवीकरण होतंय असं वाटतं. १९७१ ते १९८५, चौदा वर्षांत स्टुडिओ अल्बम आठ. त्यातले शेवटचे दोन, १९७८ आणि १९८५, यांच्यात सात वर्षांचं अंतर. इतक्या ताकदीच्या लेखकाने पुढची पस्तीस वर्षं काही दिलं नाही, हे ऐकणाऱ्यांचं नुकसानच आहे. आणि ससेक्सनंतर तो ज्या कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेला, तिला खलनायक ठरवायची पद्धत पडली आहे, तीही मला पटत नाही. 'लव्हली डे' कुठला? १९७७ चा 'मेनॅजरी', कोलंबियाचाच. त्यात शेवटी तो 'डे' हा एकच शब्द अठरा सेकंद धरून ठेवतो. अख्ख्या अल्बममध्ये उजेड आहे. पहिल्या दोन अल्बमांच्या प्रेमात पडलेले लोक हा ऐकतच नाहीत.

मंद्रसप्तक

चौथीसीट, 'लव्हली डे'बाबत पूर्ण सहमत. दमसास बघाच. अठरा सेकंदांत आवाज हलत नाही, फुगत नाही, जोर केल्यासारखा वाटत नाही. आमच्या क्लासात एकाही विद्यार्थ्याला तो तसा धरता आलेला नाही, आणि ज्यांना लांबी जमते त्यांचा सूर शेवटी उतरतो.

काजवा

चौथीसीट, 'मेनॅजरी' मलाही आवडतो, आणि स्किप स्कारबरोबरोबर लिहिलेलं 'लव्हली डे' हे त्याच्या पहिल्या पाचांत धरतो. पण मधल्या घटना पाहिल्या की थांबणं कळतं, म्हणून जरा क्रमाने लिहितो.

१९७२ मध्ये 'स्टिल बिल' हा दुसरा अल्बम आला. यात बुकर टी. नव्हते. वॉट्स १०३ स्ट्रीट रिदम बँडमधली माणसं त्याने बरोबर घेतली: ड्रम्सवर जेम्स गॅडसन, कीबोर्डवर रे जॅक्सन, बासवर मेल्विन डनलॅप, गिटारवर बेनॉर्स ब्लॅकमन. निर्मिती विदर्सची आणि या मंडळींची. 'लीन ऑन मी' पहिल्या क्रमांकावर, 'यूज मी' दुसऱ्या. बाहेरच्या शहाण्यांची ढवळाढवळ नसताना हा माणूस काय करतो, त्याचा हा पुरावा. १९७४ मध्ये तो किन्शासाला गेला, अली-फोरमन मुष्टियुद्धाच्या निमित्ताने झालेल्या संगीत महोत्सवात, जिथे जेम्स ब्राउन, बी. बी. किंग होते. एवढ्या गजबजाटात त्याने स्टुलावर बसून गिटारवर 'होप शी'ल बी हॅपियर' म्हटलं. चित्रफीत उपलब्ध आहे. स्टेडियम ऐकतंय.

पण तोवर ससेक्सशी पैशांवरून बिनसलं होतं. तो सांगतो की रागाच्या भरात त्याने तयार झालेला एक अख्खा अल्बम टेपवरून पुसून टाकला. १९७५ मध्ये ससेक्स बुडाली आणि तो कोलंबियाकडे गेला. तिथे लोक त्याला सांगू लागले की गाण्याच्या सुरुवातीला वाद्यांचा तुकडा हवा, ट्रम्पेट हवेत, एल्व्हिसचं 'इन द घेटो' गाऊन बघ. ज्याचं सर्वांत गाजलेलं गाणं वाद्यांच्या तुकड्याशिवाय सुरू होतं, त्याला हे सांगणं! पुढे त्याने दिलेली गाणी नाकारली जाऊ लागली. सात वर्षांच्या त्या अंतराचं कारण हे आहे. १९८० चं 'जस्ट द टू ऑफ अस' त्याने सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या अल्बमवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे जाऊन गायलं, आणि ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं, ग्रॅमी घेऊन आलं. म्हणजे आवाज होता, गाणी होती, लोकही होते.

खलनायक वगैरे मी म्हणणार नाही. मोठी कंपनी तिच्या रीतीने चालली. पण तो चाळिशी ओलांडलेला, नौदलात आणि कारखान्यात हुकूम पाळून झालेला माणूस होता. कोणते हुकूम पाळायचे हे त्याने आधीच ठरवलेलं होतं. नुकसान ऐकणाऱ्यांचं झालं, हे खरं. त्याच्याकडे मात्र दुसरं आयुष्य होतं. बायको मार्शा हिने व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेलं, तिने त्याच्या गाण्यांच्या हक्कांचा कारभार हातात घेतला. मुलं मोठी केली. घरं बांधण्या-दुरुस्तीचं काम त्याला आवडायचं. १९८७ मध्ये क्लब नूव्हो या बँडने 'लीन ऑन मी' नव्या ठेक्यावर गाऊन पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं, आणि गीतकार म्हणून ग्रॅमी मिळालं ते घरी बसलेल्या विदर्सला. दोन वेगळ्या कलाकारांनी पहिल्या क्रमांकावर नेलेली गाणी अमेरिकेत मोजकीच आहेत.

गिरगावकर

माझे वडील फिटर होते. घरी येताना डबा रिकामा आणि बोटं काळी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्या कव्हरचा फोटो मी त्यांना फोनवर दाखवला तेव्हा त्यांनी आधी डबा कसला आहे ते विचारलं, मग म्हणाले, गातो कसा ते ऐकव. 'ग्रँडमाज हँड्स' लावलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

अनुजा_के

गिरगावकर, हे लिहिल्याबद्दल आभार.

सगळ्यांना एक विचारते. युद्धाबद्दल त्याने काही केलंय का? स्वतः नौदलात नऊ वर्षं, आणि पुढची वर्षं व्हिएतनामची.

कोयनाकाठ

अनुजा, आहे, आणि ते ऐकल्याशिवाय विदर्स पुरा होत नाही. 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड'. ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या जाहीर कार्यक्रमाच्या अल्बमवर आहे, स्टुडिओत केलेलं नाही. सुरुवातीला तो प्रेक्षकांशी बोलतो: युद्धाबद्दल बोलतात सगळे, पण जखमी होऊन परतलेल्या पोरांकडे बघायचं राहून जातं. मग पियानो सुरू होतो, चर्चमध्ये अंत्यविधीला असावा तसा. एका पोराचा उजवा हात गेलाय. तो कुणाला तरी म्हणतोय, माझं पत्र लिहून दे, आईला, मला डाव्या हाताने लिहिता येत नाही. आणि पत्रात काय? आपल्या वकिलाला सांग, धाकट्या भावाला भरतीतून सूट मिळवून द्यायला. धर्मगुरूला सांग, माझ्यासाठी प्रार्थना कर. ज्याने गोळी मारली त्याला तो ओळखत नाही, तो कधी दिसलाही नव्हता. मोर्चा नाही, घोषणा नाही, राष्ट्राध्यक्षाचं नाव नाही.

२०१० मध्ये गायक जॉन लेजंड आणि द रूट्स हा बँड यांनी हे गाणं केलं, जवळजवळ बारा मिनिटांचं. तेही चांगलं आहे, गिटार भरपूर आहे. मला मूळचं जास्त लागतं, कारण मूळ गाण्यात त्या पोराचा आवाज चढत नाही. तो मदत मागतोय आणि मागताना संकोचतोय.

सांजवेळ

आत्ताच ऐकलं. आमच्या कामात पक्षाघातानंतर हात गेलेली माणसं भेटतात. पहिला प्रश्न सहीचा असतो. इतकं नेमकं याला कसं दिसलं असेल!

चौथीसीट

काजवा, क्रम लिहिल्याबद्दल धन्यवाद. कोलंबियाच्या काळाबद्दल माझं मत फार बदललेलं नाही. 'मेकिंग म्युझिक' या त्या काळातल्या अल्बममध्येही ऐकण्यासारखं बरंच आहे आणि नव्या ऐकणाऱ्याला तिकडे जाऊच नका असं सांगू नये. पण 'वॉचिंग यू वॉचिंग मी' मी आज पुन्हा लावला, १९८५ चा. आवाज तोच आहे. भोवती सिंथेसायझर इतके की तो दुसऱ्या खोलीतून गातोय असं वाटतं. इथे थांबला तर का थांबला, हे ऐकूनच कळतं.

मंद्रसप्तक

२०१५ चा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मानाचा कार्यक्रम कुणी पाहिलाय का? स्टीव्ही वंडरने त्याचा सत्कार केला, 'एन्ट नो सनशाइन' स्टीव्हीने म्हटलं, मग जॉन लेजंडबरोबर 'लीन ऑन मी'. गाण्यात विदर्सही थोडा सामील झाला, मुख्य गायन मात्र त्यांच्यावर सोडून. भाषणात सगळा सभागृह हसतोय इतका तो मोकळा बोलला. अडखळणारं पोर ते हे भाषण, हा प्रवास माझ्या मते त्याच्या ग्रॅमींहून मोठा.

अनुजा_के

आता सुरुवात कुठून करू? यादी नको, एक अल्बम सांगा.

काजवा

एकच सांगायचा तर 'लाइव्ह अ‍ॅट कार्नेगी हॉल'. ६ ऑक्टोबर १९७२ ला रेकॉर्ड झाला, १९७३ मध्ये दोन रेकॉर्डचा संच म्हणून निघाला. 'स्टिल बिल'वालीच साथ, जोडीला व्हायोलिन्स आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं). कारखाना सोडून त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि न्यूयॉर्कच्या सर्वांत मानाच्या सभागृहात तो ओसरीवर बसल्यासारखा गप्पा मारतो. 'ग्रँडमाज हँड्स'च्या आधी आजीच्या चर्चबद्दल बोलतो, तिथली गाणी, तिथला ठेका, आणि लोक हसत असताना गिटार सुरू करतो. शेवटी 'हार्लेम' तेरा मिनिटं चालतं, त्यात सगळं सभागृह गातं.

पण पहिल्यांदा 'यूज मी' ऐका, आणि पहिल्या वेळी फक्त गॅडसनचा हायहॅट, म्हणजे ड्रम्समधली झांजांची जोडी, ऐका. उजवा हात सारखा बारीक सोळा मात्रा काढत असतो आणि मोठ्या ड्रमवरचा पाय मात्र उशिरा, आळसावल्यासारखा पडतो. त्यावर रे जॅक्सनचा क्लॅव्हिनेट, हा एक इलेक्ट्रिक कीबोर्ड, कुरकुरतो. विदर्स वर जवळजवळ बोलतो, गाण्याचा आव आणत नाही. गाणं संपतं, टाळ्या पडतात, पडतच राहतात, आणि बँड तोच ठेका पुन्हा सुरू करतो. लोकांचा जो ओरडा होतो तो रेकॉर्डवर आहे. हेडफोन लावून ऐका, आवाज जरा मोठा ठेवा.